एसटीच्या वेळेत बसणारा विषय

कॉलेजने रोहिणी कोळपेला फसवलं. नवीन वेळापत्रक तयार असताना जुनं दाखवलं, त्यावर तिचा विषय कायम करून घेतला, आणि विषय बदलायची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन बाहेर काढलं. त्यात पोरीचं वर्ष गेलं. फॉर्म माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्याच बोटांनी भरला गेला होता. म्हणून हे लिहायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

संपादकांनी बजावलंय, कॉलेजचं नाव घालायचं नाही. नाही घालत. जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांतली पोरं जिथं येतात असं एक कॉलेज आहे, त्याच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, इतकं पुरे. खरं तर त्यांना माझ्याकडून गमतीजमती हव्या होत्या. "दत्ताभाऊ, इतकी वर्षं पोरांचे फॉर्म भरताय, किती नमुने बघितले असतील, लिहा की दिवाळी अंकाला," असं म्हणाले. नमुने आहेत, तेही लिहितो. पण मी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर गेलो की आधी भांडतो आणि मग नमस्कार करतो. तसंच इथं झालं.

मी स्वतः कॉलेजात एक दिवसही शिकलो नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा गेलो, तिसऱ्यांदा बसलोच नाही. कळंबहून सायकलवर येऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली एक टेबल मांडलं. टेबलावर डिंकाची बाटली, शाईचं पॅड, टाचण्यांची डबी आणि माझं अक्षर. अक्षर तेवढं माझं सुरेख होतं. बाकी भांडवल शून्य.

तेव्हाचा जून आठवला की अजून मला डिंकाचा वास येतो. निकाल लागला की सकाळी सातच्या गाड्यांनी पोरं उतरायची. मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरलेली. बापाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला. बरोबर एखादा चुलता, कारण घरात बोलता यायचं ते त्याला. फॉर्मला चार फोटो लागायचे. फोटोत सगळी पोरं घाबरलेली, आणि सगळ्यांच्या अंगात एकच कोट. तो फोटोवाल्याचा असायचा. फॉर्मवर खाडाखोड चालत नसे. वडिलांचं नाव एका कागदावर 'ज्ञानदेव' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानू' असलं की अर्धा दिवस जायचा. मी एका दिवसात साठ फॉर्म लिहिलेले आहेत. संध्याकाळी घरी गेल्यावर भाकरी मोडायला बोटं वळत नसत आणि आई मला भरवायची. एवढा मोठा घोडा झालेला, लग्नाचा.

लोकांना वाटतं, फॉर्म भरणं म्हणजे नाव-गाव लिहिणं. ते कुणीही करील. खरं काम विषय निवडण्याचं. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. पहिल्या वर्षी मुलाला तीन-चार विषय घ्यायचे असतात. दुसऱ्या वर्षाची नोंदणी करताना त्यातला एक मुख्य धरायचा. तो एकदा कायम केला की पदवीपर्यंत तोच. कॉलेजचं माहितीपत्रक विषयांची यादी छापतं. त्यातला कुठला विषय कुठल्या गावच्या मुलीला घेता येईल, हे मात्र त्यात कुठंच नसतं. ते माझ्या भिंतीवर असतं.

टेबलाचं दुकान झालं तेव्हा मी पहिलं काम ते केलं. एक मोठा पुठ्ठा आणला. डाव्या बाजूला गावं, त्यापुढे एसटी कधी येते, परतीची कधी सुटते. उजव्या बाजूला विषय, त्यांचे तास, प्रॅक्टिकलचे वार. पिंपरी पेंढारची पोरं गाडी बदलून येतात, त्यांना पहिला तास मिळत नाही. म्हणजे ज्या विषयाचा तास रोज पहिला, तो त्यांनी धरायचा नाही. महाळुंगे पडवळची गाडी सकाळी भरते, परतीची पावणेएकला, त्यानंतर एकदम साडेपाचला. म्हणजे तिकडच्या मुलींनी साडेबाराच्या आत सुटणारा विषय बघायचा. विषय आवडला म्हणून अर्थशास्त्र घेतलं अशी मुलगी मला चार-पाच वर्षांतून एखादी भेटायची. बाकीच्यांना ते आवडायचं कारण ते गाडीच्या आधी सुटायचं.

पुठ्ठ्यावर तिसरा रकाना होता, 'ऊस' म्हणून. स्टॉपवर उतरल्यापासून वस्तीपर्यंत वाटेत ऊस किती. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही. दिवाळीनंतर सहाला अंधारतं आणि अंधारल्यावर उसाच्या कडेनं पोरीला एकटी कुणी चालवत नाही, इतकंच. त्यामुळे जोडी लागते. एका वाटेच्या दोन मुली एकाच विषयाला, एकाच बॅचला बसल्या तर दोघींचं शिक्षण होतं. एकीनं विषय बदलला की दुसरी घरी बसते. मी जोड्या लावायचो. लग्नं जमवणाऱ्याला मुलीचे आईबाप तरी विचारतात, मला कुणी विचारत नसे, मीच स्टॉपवर उभा राहून विचारायचो, "तुमच्या वस्तीकडची आणखी कोण आहे गं?"

आता नमुना. पिंपरी पेंढारहून एक पावणं आले पोराला घेऊन. टोमॅटोची गाडी बाजारात लावून तसेच आलेले, अंगावर पानांचा हिरवा डाग.

"राव, इशय किती घ्यायचे?"

"तीन."

"दोन अवघड आन् एक सोपा, असं बसवा. सगळा माल एकसारखा नका भरू."

"समाजशास्त्र घालू?"

"त्यात काय असतं?"

"माणसं एकत्र कशी राहतात, ते."

"नको मंग. आमी चार भाऊ एकत्रच ऱ्हातो. ते त्याला घरी फुकट शिकाया मिळतंय, आन् शिकून उपेग बी न्हाई."

"राज्यशास्त्र?"

"त्ये चावडीवर लई झालं."

पोरगं मागून हळूच म्हणालं, "मला इतिहास पायजे."

"तुला कोन इचारतंय?"

इथं माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. मी फॉर्म फिरवून बापासमोर आपटला. "इथं खाली सही कुणाची आहे वाचा. विद्यार्थ्याची. तुमची सही टोमॅटोच्या पावतीवर करा." बाप म्हणाला, "तुमाला गिऱ्हाईक कसं टिकतं वो?" पण इतिहास मिळाला पोराला. पुढच्या वर्षी धाकट्याला घेऊन तेच पावणं आले आणि लांबूनच ओरडले, "याला भूमिती-बिमिती काय पायजे ते त्यालाच इचारा, मी च्या पिऊन येतो."

माझी खरी लढाई असायची खिडकी क्रमांक दोनवर. तिथं अण्णा बसायचे. कॉलेजचे मुख्य कारकून, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला दोन पेनं आणि कानावर एक पेन्सिल. माणूस तिरसट. मी त्यांच्याशी रोज भांडायचो आणि ते माझ्याशी रोज भांडायचे. मुदत संपल्यावर मी पाच-सहा फॉर्म घेऊन गेलो की संवाद ठरलेला.

"दत्ता, मुदत काल संपली."

"काल रविवार होता अण्णा."

"मग परवा संपली."

"परवा तुम्ही रजेवर होता. खिडकी बंद होती."

"तू माझ्या रजांची नोंद ठेवतोस काय रे?"

"धंदा आहे माझा."

मग ते फॉर्म ओढून घ्यायचे, एकेक तपासायचे, आणि एखादा मुद्दाम परत करायचे. सगळे घेतले असते तर मी जिंकलो असं झालं असतं. तो एक मी दुसऱ्या दिवशी घेऊन जायचो आणि तोही जायचा. घासाघीस म्हणजे काय हे मी बाजारात शिकलो नाही, अण्णांच्या खिडकीवर शिकलो. समोरच्याला एक फॉर्म परत करायची जागा ठेवावी लागते.

पिंपरी पेंढारच्या शोभाची गोष्ट तेव्हाची. शोभाला रसायनशास्त्र हवं होतं. प्रॅक्टिकलच्या दोन बॅचा, एक सकाळची, एक दुपारची; तिचं नाव दुपारच्या यादीत आलं. दुपारची बॅच म्हणजे परतीची गाडी चुकली, आणि गाडी चुकली म्हणजे रसायनशास्त्र गेलं. तिची आई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. पदराच्या काठाला गाठी मारत होती. मी खिडकीवर गेलो आणि इतका ओरडलो की ग्रंथालयातून माणसं बाहेर आली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या कप्प्यातून बॅचचं रजिस्टर काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. पानभर नावं, सगळी पेन्सिलीनं.

"कशानं लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"पेन्सिलीनं."

"मग एवढा बोंबलतोस कशाला? सप्टेंबर जाईपर्यंत मी पेन उचलत नाही. या पोरांच्या घरी कधी काय होईल सांगता येत नाही. कुणाची गाडी बंद होते, कुणाची जोडीदारीण लग्न होऊन जाते." त्यांनी रबरानं शोभाचं नाव खोडलं, सकाळच्या बॅचमधल्या, कॉलेजच्या मागच्या आळीत राहणाऱ्या एका मुलाचं नाव खोडलं, आणि अदलाबदल करून लिहिलं. फुंकर मारून रबराचा चुरा माझ्या अंगावर उडवला. "आता चहा सांग. माझा बिनसाखरेचा."

शोभा शिकली. आता एका औषधाच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. लेकीला घेऊन आली होती मागे, भिंतीवरचा पुठ्ठा तिला दाखवत होती. मला त्या दिवशी उगीचच दुकान बंद करावंसं वाटेना.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला मला बोलावलं नव्हतं. मी बाहेरच्याबाहेर करंजाखाली उभा होतो. हार घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "दत्ता, आता भांडशील कुणाशी?" मी म्हणालो, "नवीन कुणीतरी येईल की." ते म्हणाले, "नाही येणार." मला वाटलं, म्हातारा स्वतःला फार समजतो.

खरंच कुणी आलं नाही. पोर्टल आलं. खिडकी क्रमांक दोनला आतून पुठ्ठा लावला आणि त्यावर पोर्टलचा पत्ता चिकटवला. मी डिंकाची बाटली फेकून कॉम्प्युटर घेतले, एकाचे तीन केले. तक्रार नाही, धंदा वाढला. पण पोर्टलला रजा नसते, रविवार नसतो आणि कानावर पेन्सिल नसते. मुदत संपली की लाल पट्टी येते, 'आपली मुदत संपली आहे'. तिच्यावर ओरडून बघितलं आहे मी. दुकानातली पोरं हसली.

पोर्टलला मोबाइल नंबर लागतो. त्यावर आकडा येतो, तो टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. आमच्याकडे घरात फोन एक, तो बापाबरोबर शेतात किंवा बाजारात. पोरगी माझ्यासमोर आणि आकडा तिकडं नांगराच्या मागे. म्हणून मी पहिल्या वर्षाच्या प्रवेशापासूनच सरळ माझा नंबर घालायचो. फॉर्मवाले सगळेच घालतात. त्या वर्षी एक्केचाळीस मुलांच्या फॉर्मवर माझा नंबर होता. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

रोहिणी कोळपे महाळुंगे पडवळच्या बाजूची. गावाबाहेर वस्ती आहे, तिथली. वडील भिवाजी, घरची मेंढरं. बाकी भाऊबंद शेती करायला लागले, यांनी मेंढरं सोडली नाहीत. पहिल्या वर्षाला पोरीला भूगोलात कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क होते. दुसऱ्या वर्षाच्या नोंदणीला बापलेक दोघं आले. भिवाजी खुर्चीत बसले नाहीत, काठी आडवी धरून दारातच टेकले.

"भूगोलच पायजे म्हनती," ते म्हणाले. "त्यात असतं काय, दत्ताभाऊ?"

"जमीन, डोंगर, पाणी, वारा. कुठं पाऊस पडतो, कुठं गवत येतं."

"ते तर आमच्या मेंढरास्नी बी कळतंय."

"अप्पा," रोहिणी म्हणाली, "मेंढरांना नकाशा काढता येतो का?"

"त्यांना काय करायचाय? ती घरी येत्यात बरूबर."

मग पोरीनं मला सांगितलं. गावात शेताच्या मोजणीला माणूस आला होता, तीन पायांवर यंत्र ठेवून. दोन भावांचं बांधावरून दहा वर्षांचं भांडण होतं. त्या माणसानं यंत्रातून बघितलं, कागदावर रेघ मारली आणि दोघं गप्प झाले. "मला ती रेघ मारता आली पाहिजे, काका. त्यासाठी भूगोलाचं प्रॅक्टिकल लागतं. मी विचारलंय."

भिवाजींनी एकच प्रश्न विचारला. "सुटनार कवा?"

मी पोर्टलवरचं वेळापत्रक काढलं. भूगोल प्रॅक्टिकल, सोमवार आणि मंगळवार, सकाळी आठ ते साडेदहा. पुठ्ठ्यावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. पावणेएकची गाडी. दीडपर्यंत पोरगी वस्तीवर, ऊन असताना.

"तुमचा शबुद हाय न्हवं?"

"माझा शब्द आहे."

जोडी लागत होती; आठला पोचायचं तर थंडीत घरून अंधारातच निघावं लागतं. शेजारच्या वस्तीवरच्या स्वातीचा फॉर्म त्याच दिवशी आला होता, इतिहास लिहून. मी तिच्या आईला दोन तास बसवून घेतलं. भूगोलात प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात, टक्केवारी वाढते, दोघी बरोबर येतील-जातील, असं काय काय सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी गाय इकताय का इशय?" पण तयार झाली. दोघींचे विषय मी एका बैठकीत कायम केले. पूर्वी मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचो. त्या वर्षी जोडी मोडू नये म्हणून थांबलो नाही. माझा स्वतःवर फार विश्वास होता.

मुदत संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी दुकानात आली. पुठ्ठ्यापाशी गेली, महाळुंगे पडवळच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते सरकवत साडेपाचच्या गाडीपर्यंत नेलं.

"काका, प्रॅक्टिकल तीन ते साडेपाच झालंय. प्रॅक्टिकल सुटायला आणि गाडी सुटायला एकच वेळ. पळत गेले आणि मिळाली, तरी दिवाळीनंतर उतरल्यावर अंधार."

मी पोर्टल उघडलं. विषय बदला या बटनावर लाल पट्टी.

फाटकातून आत गेलो ते थेट प्रवेश समन्वयकांकडे. हे पद अण्णांच्या वेळी नव्हतं. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. मी जितका चढलो तितके ते मऊ होत गेले. मऊ माणसाशी मला भांडता येत नाही. हात कुठं घालायचा कळत नाही.

"सर, पोरीची गाडी चुकते."

"समजू शकतो."

"मग बदला."

"आता सिस्टीममधून शक्य नाही."

"दोन पोरी आहेत. शनिवारी सकाळी प्रयोगशाळा रिकामी असते, तेव्हा घ्या त्यांचं. भूगोलाच्या मॅडम यायला तयार आहेत, मी विचारून आलोय."

"मॅडमची तयारी असेल, पण तसा पर्याय सिस्टीममध्ये नाही."

"पेन्सिलीनं लिहा की कुठंतरी!"

ते हसले. चेष्टा म्हणून हसले नाहीत, त्यांना खरंच ते कळलं नाही. मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. अण्णांनी रजिस्टर फिरवलं होतं तसाच. पडद्यावर एक निरोप होता. 'वेळापत्रक तात्पुरते आहे. विद्यार्थ्यांनी विभागात खात्री करूनच विषय कायम करावा.' प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदलेल्या नंबरवर पाठवलेला.

"हा मुलीच्या मोबाइलवर गेला आहे," ते म्हणाले.

मुलीच्या मोबाइलवर गेला नव्हता. माझ्या मोबाइलवर आला होता, एक्केचाळीस वेळा. नोंदणी सुरू झाली त्या आठवड्यात, एका दुपारी, पाच मिनिटांत. मला आठवलं. गिऱ्हाइकांची गर्दी होती, फोन टेबलावर सारखा थरथरत होता, आणि मी पहिली ओळसुद्धा पुरती न वाचता सगळे एकदम पुसून टाकले होते.

मी बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदा भांडण अर्धं टाकून.

दुकानात येऊन नवीन वेळापत्रक छापून घेतलं आणि वाचायला बसलो. आमच्या धंद्यात कागद खालून वर वाचतात. आधी सही, मग तारीख, मग मजकूर. खाली वेळापत्रक समितीची सही होती आणि सहीखाली तारीख. मुदत संपायच्या अकरा दिवस आधीची. अकरा दिवस तो कागद कॉलेजच्या कपाटात होता आणि पोर्टलवर जुना चालू होता. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना, म्हणून शेजारच्या पानवाल्याला वाचायला लावली तारीख.

भूगोलाच्या मॅडम नकाशांच्या झेरॉक्स काढायला यायच्या. त्यांना मी तारीख दाखवली. त्या म्हणाल्या, "दत्ताभाऊ, सकाळी ती खोली कॉम्प्युटरच्या नवीन कोर्सला दिली आहे. भूगोलाला ठरावीक मुलं भरली नाहीत तर विषय बंद होतो. दुपारचं आधी कळलं असतं तर गाडीच्या मुली आल्याच नसत्या." आणि झेरॉक्स घेऊन गेल्या. त्यांची नोकरी त्या विषयावर आहे. मी त्यांना दोष देत नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. विषय टिकवायला पोरींची नावं हवी होती. नावं मिळाली. पोरी आल्या काय न आल्या काय.

भिवाजींच्या वस्तीवर मी स्वतः गेलो. मेंढरं वाड्यात कोंडत होते. मी सगळं सांगितलं, निरोप पुसल्याचंही. ते ऐकत कोंडत राहिले.

"मी सोडत जाईन माझ्या मोटरसायकलवर," मी म्हणालो. "सोमवार, मंगळवार."

"तुमी चांगलं मानूस. पन वस्तीला कोन सांगनार, पोरगी कुनाच्या गाडीवं येती ते? किती जनांना सांगू?"

"मग काय करू मी?"

"काय न्हाई. तुमचा शबुद व्हता. मला तुमचा राग न्हाई." त्यांनी वाड्याचं दार लावलं. "पन साडेपाचच्या गाडीनं पोर येनार न्हाई."

मला आयुष्यात लोक खूप बोलले आहेत. शिव्या दिल्या, दुकानावर दगड मारला एकानं. त्यातलं काही मला आठवत नाही. हे आठवतं.

स्वातीची आत्या कॉलेजपासून जवळ राहते, स्वाती जोडी सोडून तिच्याकडे राहायला गेली आणि भूगोल शिकतेय. जिला नको होता तिला मिळाला, मीच गळ्यात मारलेला. रोहिणी सकाळचे तास करून पावणेएकच्या गाडीनं जात राहिली. विषय बदलता येत नव्हता आणि प्रॅक्टिकलला बसता येत नव्हतं. वहीत उतरवून घ्यायची स्वातीकडून. डोंगराच्या उताराच्या रेघा ती इतक्या बारीक काढायची की मॅडमनी ती वही वर्गात दाखवली. पण हजेरीच्या रकान्यात अनुपस्थित, अनुपस्थित. परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं.

त्या दिवसापासून मी कुणाच्या फॉर्मवर माझा नंबर घालत नाही. आकडा यायला बापाला शेतातून बोलावतो, गिऱ्हाईक वैतागतं, काही समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. माझ्या चुकीचं उत्तर मी भिवाजींच्या दारात उभं राहून दिलं आहे आणि आता इथं छापून देतो आहे: निरोप मी पुसला, शब्द मी दिला, घाई मी केली.

या जूनमध्ये रोहिणी पुन्हा आली. दुसऱ्या वर्षाची नोंदणी पुन्हा. एकटीच होती, भिवाजी मेंढरांकडे. तिनं खुर्ची ओढली, पोर्टलवरचं वेळापत्रक बघितलं. भूगोल प्रॅक्टिकल, सकाळी आठ ते साडेदहा. अगदी गेल्या वर्षीसारखं.

"काका, हे खरं आहे का?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं या खुर्चीत बसलो आहे. कुठल्या विषयाला कुठली गाडी, कुठल्या गावाला किती ऊस, सगळं तोंडपाठ. त्या पोरीच्या प्रश्नाला मला हो म्हणता आलं नाही आणि नाही म्हणता आलं नाही. मी कॉलेजला लेखी विचारलं. पोच मिळाली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, पोचही नाही. तिनं मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच्या हातानं विषय लिहिला. पुन्हा भूगोल. मी नको म्हणालो नाही. हे लिहितोय तोवर पक्कं वेळापत्रक लागलेलं नाही.

अण्णा असते तर मी खिडकीवर गेलो असतो. आता खिडकीला पुठ्ठा आहे, म्हणून या अंकातून विचारतो. अकरा दिवस तो कागद कुणाच्या कपाटात होता? तो दाबून ठेवा असं कुणी सांगितलं? आणि या वर्षीचं वेळापत्रक खरं आहे का? पोर्टलनं उत्तर द्यायचं नाही. सिस्टीमनं द्यायचं नाही. ज्याची सही आहे त्या माणसानं द्यायचं, समोर बसून. मला नका देऊ, मी ओरडेन. रोहिणीला बोलवा आणि तिला द्या.

आणि बोलवाल तेव्हा सकाळी बोलवा. तिची गाडी पावणेएकला सुटते.